रुळांच्या कडेची माणसं : बोरीबंदर ते कल्याण



वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा इतिहासाचा लेख आमच्या वाट्याला आला. पहिले पत्रे कधी घातले, बुद्धमूर्ती कधी आणली, फरशी कोणी बसवली, एवढं लिहून भागलं असतं. पण वस्तीतली म्हातारी माणसं बोलायला बसली की प्रत्येकाची गोष्ट एकाच ठिकाणी सुरू होते : ‘आम्ही गावाकडनं आलो आणि अमक्या स्टेशनावर उतरलो.’ कोणी भायखळ्याला, कोणी दादरला, कोणी कुर्ल्याला. हातात ट्रंक, नाही तर गोधडीची वळकटी, आणि चिठ्ठीवर कुणा नातेवाइकाच्या चाळीचा पत्ता. म्हणून विहाराच्या इतिहासाआधी त्या लाइनीचा इतिहास सांगावा असं आम्हांला वाटलं. तो सांगायला घेतला की ध्यानात येतं, या लाइनीवर आपण एकटे आलो नाही. आपल्या आधी आणि आपल्या मागून कितीतरी माणसं आली, आणि त्यांनीही स्टेशनापासून चालत जाता येईल अशा जागी आपापलं प्रार्थनेचं ठिकाण उभं केलं. आपला विहार हा त्या मोठ्या रांगेतला एक आहे.

आगगाडी आली, पण जात उतरली नाही

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ मैलांचं म्हणजे ३४ किलोमीटरचं अंतर. पुढे १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून गाडी वर चढली. हे घाट फोडताना हजारो मजुरांनी काम केलं आणि पटकीच्या, तापाच्या साथींत हजारो मेले. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. घाट फुटले तसा देशावरचा कापूस बंदरात आला आणि कापसाच्या पाठोपाठ माणसं आली. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढच्या ५० वर्षांत गिरण्या, गोदी आणि रेल्वेची वर्कशॉपं यांनी खेड्यातल्या माणसाला मुंबईचा रस्ता दाखवला.

आपल्या समाजाला या रस्त्याचं मोल जास्त होतं. गावात महारकी, वेठ, पडीची कामं. शहरात निदान महिन्याचा पगार रोख हातात पडे. आगगाडीच्या बाकावर जो आधी बसला तो बसला, तिकीट देणारा जात विचारीत नसे. पण म्हणून रेल्वेनं जात मोडली असं समजणं भाबडेपणाचं होईल. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला १९०१ सालचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही मुलं मसूर स्टेशनावर उतरली. चांगले कपडे, तिकिटं काढलेली. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला आणि मुलं महारांची आहेत हे कळताच मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही.

त्यानंतर २८ वर्षांनी, १९२९ साली, बॅरिस्टर झालेले बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनावर उतरले, तेव्हाही टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला. टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाला तो हाकावा लागला. टांगा मोरीवर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

या दोन प्रसंगांत लाइनीवरच्या वस्त्यांचा सगळा इतिहास आहे. गाडीनं माणसाला स्टेशनापर्यंत आणून सोडलं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की खोली कोण देणार, पाणी कोण भरू देणार, भाकरी कुठे मिळणार, हे जात, धर्म आणि भाषा यांवरच ठरे. म्हणून जो तो आपल्या माणसांजवळ राहिला. कोकणातल्या चाकरमान्यांनी गावाच्या नावानं खोल्या घेतल्या, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलाव-माझगावला गावोगावचे ‘कूड’ काढले आणि आपली माणसं आपल्या चाळींत दाटीवाटीनं राहिली. आज कौतुकानं आपण म्हणतो की मुंबईत प्रत्येक स्टेशनाचा वास वेगळा, जेवण वेगळं, देव वेगळा. ते खरंच आहे. पण या विविधतेच्या मुळाशी प्रेम होतं तशी अडवणूकही होती, हे लहान मुलांना सांगितलं पाहिजे.

बोरीबंदर ते भायखळा

जुनी माणसं अजून व्ही.टी. म्हणतात त्या स्टेशनाला १९९६ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. तिथून सुटलेली गाडी पहिल्यांदा थांबते ती मस्जिद बंदरला. ही ‘मस्जिद’ कुठली? आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की मुसलमानांची. पण हे नाव बेने इस्राएल यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरावरून पडलं असं सांगतात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली ते बांधलं. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावंच सांगतात की ही माणसं कोकणातली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची घरातली भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले, तरी तिकडेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. मराठी माणूस म्हणजे अमक्या धर्माचा, असं कोणी म्हणू लागला तर त्याला मस्जिद बंदराचं तिकीट काढून द्यावं.

याच भागात, मांडवीला, १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली. दाटीच्या वस्त्या पाडायला आणि नव्या चाळी बांधायला सरकारनं १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. आपल्या घराघरांतून ज्यांची नावं निघतात त्या बी.आय.टी. चाळी या ट्रस्टच्या. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

सँडहर्स्ट रोडला उतरून डोंगरीकडे गेलं की निळ्या फरशांची मोगल मशीद लागते. इराणहून आलेल्या शिराझी व्यापाऱ्यानं १८६० साली ती बांधली. इराणातूनच, यझ्द आणि केरमानकडून, गरीब झरतुष्ट्री आले आणि त्यांनी नाक्यानाक्यावर चहाची हॉटेलं टाकली. संगमरवरी टेबलावर कपबशी आदळणाऱ्या इराण्याकडे गिरणीवाला, गोदीवाला, कारकून सगळे बसले. हॉटेलात बसून पैसे टाकून चहा प्यायचा, ही साधी गोष्ट होती. पण गावात ज्याच्या हातात करवंटी ठेवली जाई आणि वरून चहा ओतला जाई, त्याला ती साधी नव्हती.

भायखळ्याला बगदादहून आलेल्या यहुद्यांचं मागेन डेव्हिड मंदिर आहे. डेव्हिड ससून यांनी १८६०च्या दशकात ते बांधलं. भायखळ्याच्या पलीकडे, नायर हॉस्पिटलच्या आवारात, डॉ. आनंदराव नायर यांनी आनंद विहार उभा केला. धम्मदीक्षेच्या आधीच्या काळात मुंबईत बुद्धाचं नाव जिवंत ठेवणाऱ्यांत या डॉक्टरांची आठवण ठेवावी लागेल.

इथेच हार्बर लाइनीकडे जरा वळू. डॉकयार्ड रोडला उतरून माझगावात गेलं तर एका साध्या इमारतीत चिनी लोकांचं मंदिर आहे. बोटींवर आणि गोदीत काम करणाऱ्या कँटनकडच्या लोकांनी ते १९१९ साली बांधलं. तिथे क्वान कुंग या वीराची पूजा होते, तशी क्वान-यिन या करुणेच्या देवतेचीही होते. क्वान-यिन म्हणजे आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. भारतातून चीनला गेला, तिथे त्याला स्त्रीरूप मिळालं आणि खलाशांबरोबर बोटीत बसून तो मुंबईला परत आला! १९६२च्या युद्धानंतर इथल्या चिनी माणसांकडे संशयानं पाहिलं गेलं आणि अनेक कुटुंबं शहर सोडून गेली. मंदिर मात्र उरलेल्यांनी सांभाळलं.

परळ : आपला गिरणगाव

चिंचपोकळी, करी रोड, परळ ही नावं घेतली की आपल्या बुजुर्गांचे डोळे भरून येतात. पहाटेचा भोंगा, खानावळीचा डबा, १० बाय १०च्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं. गिरणीत मात्र सगळ्यांना सगळी खाती मोकळी नव्हती. साच्याखात्यात पगार जास्त. पण धोट्यात कांडी भरताना दोरा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा दोरा विटाळतो म्हणून आपल्या माणसाला साच्यावर घेत नसत. १९२८च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी नेमकी हीच गोष्ट मांडली की कामगारांच्या एकजुटीत ही मागणी आधी आली पाहिजे. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक होते, पण त्या एकजुटीलाही साच्याखात्याच्या दारात अडखळावं लागलं.

याच परळला पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब अनेक वर्षं राहिले. एवढ्या मोठ्या विद्वानानं जगभरच्या पदव्या घेतल्या, पण त्याचा संसार दोन खोल्यांत, चाळीच्या नळावर आणि आपल्याच माणसांत होता. दामोदर हॉलमधून १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम सुरू झालं. आणि याच परळच्या कामगार वस्तीत १९३७ साली धर्मानंद कोसंबी यांनी ‘बहुजन विहार’ काढला. कोसंबी गोव्याचे. बुद्धाच्या शोधात घर सोडलं, सिंहलद्वीपाला जाऊन पाली शिकले आणि शेवटी विहार काढला तो गिरणीच्या धुरात. इतिहासाची सांगड बघा. गोव्याचा पंडित आणि देशावरून-कोकणातून आलेला कामगार, दोघेही बाहेरून आलेले. १९५६च्या १९ वर्षं आधी एका लाइनीवर ते बुद्धाच्या नावानं जवळ आले होते.

दादर, माटुंगा, शीव

दादरला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या ट्रस्टनं आखलेल्या वसाहती. हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधलं. ७ डिसेंबर १९५६ रोजी तिथून निघालेली अंत्ययात्रा दादर चौपाटीवर पोचली आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखोंच्या जनसमुदायानं धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दर ६ डिसेंबरला दादर स्टेशनचा जिना हा आपला जिना होतो. नागपूर, नांदेड, अकोला इथून आलेली माणसं रात्रभर फलाटावर काढतात. काही प्रवासी नाक मुरडतात. त्यांनी आठवावं की त्यांचे आजे-पणजेही असेच कुठल्या तरी फलाटावर पहिली रात्र झोपले होते.

पुढे माटुंगा. इथे तमिळ, कन्नड, मल्याळी माणूस रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीला आला. साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ साली निघाली आणि १९४२ साली स्टेशनाजवळ उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. केळीच्या पानावरचा भात आणि कॉफी मुंबईनं इथेच आपलीशी केली. त्याच माटुंग्याच्या दुसऱ्या अंगाला लेबर कॅम्प. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून वडिलांबरोबर मुंबईला आले ते गाडीभाडं नव्हतं म्हणून पायी. लेबर कॅम्पनं आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरनं या माणसाला घर दिलं आणि त्यानं मराठीला साहित्य दिलं.

शीवच्या अंगाला धारावी. सौराष्ट्रातल्या कुंभारांचा कुंभारवाडा, मूळच्या कोळ्यांचा कोळीवाडा आणि तमिळनाडूतून कातडी कमवायला आलेले आदि-द्रविड. या आदि-द्रविडांची भाषा आपल्याला कळत नाही, पण त्यांनी सोसलेला बहिष्कार आपल्या ओळखीचा आहे. हार्बरवरचं कोळीवाडा स्टेशन आज गुरु तेगबहादूर नगर झालं, कारण १९४७च्या फाळणीनंतर तिथल्या छावणीत पंजाबी-शीख निर्वासित आले. अलीकडे वडाळ्याला सिद्धार्थ विहार वसतिगृह होतं. आपल्या खेड्यापाड्यांतली पोरं तिथे राहून सिद्धार्थ कॉलेजात शिकली आणि १९७२ साली ‘दलित पँथर’ उभी राहिली त्यात या वसतिगृहातल्या तरुणांचा मोठा वाटा होता.

कुर्ल्याच्या पुढे

मेन लाइन आणि हार्बर लाइन कुर्ल्याला एकत्र येतात. इथून पुढची वस्ती उशिरा झाली. चेंबूरला सिंधी निर्वासितांची छावणी झाली. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत सुमारे १ लाख सिंधी येऊन पडले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं. सारं गमावून आलेल्या या माणसांनी पापड लाटले, कापड विकलं आणि शहर उभं केलं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना परत आत जाता आलं नाही. मग गिरणगावातला माणूस परळची खोली विकून डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला गेला. म्हणजे आपली माणसं एकाच लाइनीवर दुसऱ्यांदा स्थलांतर करून आली. पहिल्यांदा घाटावरून खाली उतरली, दुसऱ्यांदा रुळांच्या कडेनं वर सरकली.

या लाइनीवर सगळं गोड नाही. १९९२-९३च्या दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली, आणि वर्षानुवर्षं एका डब्यातून प्रवास केलेली माणसं एकमेकांना भ्यायली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. अशा वेळी कोणीतरी ठरवतं की हे शहर अमक्याचं आणि बाकीचे उपरे. कधी तमिळ उपरे ठरले, कधी मुसलमान, कधी उत्तरेकडचे भय्ये. आपल्यातलेही काही तरुण ही भाषा बोलू लागले आहेत, हे आम्हांला दुःखानं लिहावं लागतं. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला बाहेरचा म्हणावं, हे शोभत नाही.

खांबांवरची नावं

कल्याणच्या पुढे हीच लाइन कर्जतवरून बोरघाट चढून लोणावळ्याला जाते. तिथून जवळच मळवलीच्या बाजूला कार्ल्याचं लेणं आहे. सहलीला आपण गेलो आहोत, फोटो काढले आहेत. पण पुढच्या वेळी चैत्यगृहातले खांब नीट पाहा. त्यांवर आणि लेण्यात इतरत्र दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. धेनुकाकटाहून आलेले यवन म्हणजे परदेशी माणसं, कर्नाटकातल्या वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सोपाऱ्याचा रहिवासी, सुतार, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराचं नाव आहे, लोहाराचं आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वीचा हा समाज. राजानं दिलेलं दान आणि लोहारानं दिलेलं दान एकाच दगडात. आणि प्रत्येकाच्या नावाशी त्याचं गाव लिहिलं आहे. तू परका आहेस म्हणून तुझा खांब नको, असं संघानं त्या यवनाला म्हटलं नाही. आपण ज्या धम्मात आलो त्याची रीत ही अशी आहे.

आता आपल्या विहाराच्या दाराजवळची देणगीदारांची फरशी आठवा. तीही तशीच आहे. नाव आणि रक्कम. पण त्यात एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे गाव. कार्ल्याच्या सुताराचं गाव आपल्याला माहीत आहे आणि विहारासाठी डोक्यावरून विटा वाहणाऱ्या आपल्या आयांचं माहीत नाही. चाळी पाडून टॉवर होत आहेत, जुनी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर हा सगळा इतिहास जाईल.

म्हणून विहार कमिटीच्या वतीनं आमची विनंती आहे. येत्या वर्षावासात दर रविवारी वंदनेनंतर एक वही उघडली जाईल. प्रत्येक घरानं आपल्या पहिल्या आलेल्या माणसाची चार गोष्टींची नोंद करावी : नाव, गाव, कोणत्या साली आले, कोणत्या स्टेशनावर उतरले. बायांची नावं विसरू नका, कारण खोली बापानं घेतली असेल, पण संसार आईनं लावला. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या तमिळ, बिहारी, मुसलमान, गुजराती कुटुंबांपैकी कोणाला आपली नोंद करावीशी वाटली तर त्यांनाही बसायला पाट द्यावा. आपली मुलं ती वही वाचतील तेव्हा त्यांना कळेल की या लाइनीवर मूळचे म्हणता येतील असे कोळी-आगरी सोडले तर बाकी सगळे कुठल्या ना कुठल्या गाडीनं आलेले आहेत. कोणी आधीच्या, कोणी नंतरच्या.

संध्याकाळच्या वंदनेला बसलो की शेजारून फास्ट गाडी जाते आणि खिडक्यांची तावदानं थरथरतात. नवे भन्तेजी आले की त्यांना त्रास होतो, आपल्याला सवय आहे. त्या गाडीतून रोज नवा माणूस येतो. त्याला राहायला खोली कोण देईल, हे शहर अजून त्याच्या आडनावावरून ठरवतं. निदान आपल्या विहाराच्या दारात त्याला पाणी मिळावं आणि आडनाव विचारलं जाऊ नये.

नमो बुद्धाय! जय भीम!